वावरात नेटवर्क नाही? सीबी रेडिओ किंवा वॉकी-टॉकी घेण्याआधी हे वाचा

आमचं गाव वडनेर. वर्धा जिल्हा, हिंगणघाट तालुका. नागपूर-हैदराबाद हायवे इथूनच जातो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला वाटतं की इथे नेटवर्कचा काय प्रॉब्लेम असणार? हायवेवर फोन झकास चालतो, खरं आहे. पण गाव सोडून पांदण रस्त्याने वावराकडे निघा. फोनवरची एकेक काडी कमी होत जाते. आमच्या वावरात, विहिरीजवळच्या खोलगट भागात, शेवटची काडीही जाते.

दिवसा याचं काही वाटत नाही. पण रब्बीत हरभऱ्याचं, गव्हाचं ओलित असतं आणि मोटारीची लाईट बरेचदा रात्रीचीच असते. मग काका रात्री एकटे वावरात जातात. अंधार, रानडुकरं, साप, ओली चारी. घरी काकू दर अर्ध्या तासाने फोन लावते आणि "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" ऐकून फोन खाली ठेवते. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. मागे दिवाळीला घरी गेलो तेव्हा ती सरळ म्हणाली, "तू इंजिनिअर आहेस ना बाबू, मंग याच्यावर काही तरी कर ना."

मी काय केलं असेल? तुम्ही कराल तेच. फोन काढला, शॉपिंग साईटवर "वॉकी-टॉकी" टाकलं आणि दोन हजारांच्या आतला ५ वॉटचा, लांब अँटेनाचा सेट कार्टमध्ये टाकला. नशीब, पैसे भरायच्या आधी थोडं वाचलं. तो सेट लायसन्सशिवाय जवळ ठेवणंसुद्धा नियमात बसत नव्हतं. त्यानंतर जे शिकलो ते या लेखात क्रमाने सांगतो.

फोन आणि रेडिओत फरक काय?

तुमचा फोनही रेडिओच आहे. पण तो समोरच्या फोनशी थेट बोलत नाही. तुमचा आवाज आधी टॉवरवर जातो, तिथून कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून दुसऱ्या टॉवरवर आणि मग समोरच्याच्या फोनवर. दोघे एकाच खोलीत असले तरी हेच होतं. टॉवर आडोशाला असला किंवा लाईट जाऊन त्याची बॅटरी उतरली की विषय संपला.

वॉकी-टॉकी किंवा सीबी रेडिओमध्ये मध्ये कोणीच नसतं. एका सेटमधून निघालेली लहर थेट दुसऱ्या सेटला मिळते. सिम नाही, रिचार्ज नाही, टॉवर नाही.

पण याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. एक, अंतर कमी. दोन, एका वेळी एकानेच बोलायचं. तीन, जे बोलाल ते त्या चॅनेलवर असलेला कोणीही ऐकू शकतो. चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: रेडिओत मिस्ड कॉल नसतो. समोरचा त्या क्षणी सेट चालू ठेवून ऐकत नसेल तर तुमचं बोलणं हवेत विरून जातं. ही चौथी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

सीबी म्हणजे काय?

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य नागरिकांसाठी मोकळा ठेवलेला रेडिओ पट्टा. अमेरिकेत २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा आजचा सीबी १९५८ मध्ये सुरू झाला, तेव्हा २३ चॅनेल होते. १९७३ च्या तेलटंचाईत तिकडे डिझेल महागलं, हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि ट्रकवाल्यांनी सीबीला डोक्यावर घेतलं. पंप कुठे उघडा आहे, पोलीस कुठे उभे आहेत, हे एकमेकांना सांगायला. गर्दी इतकी झाली की १९७७ मध्ये चॅनेल वाढवून ४० करावे लागले. तिकडे १९ नंबर ट्रकवाल्यांचा आणि ९ नंबर अडचणीच्या वेळेचा, ही सवय आजही आहे.

मग आपल्या हायवेवर रात्रंदिवस ट्रक धावतात, त्यांच्याकडे सीबी का दिसत नाही? कारण आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्याने असा सेट नुसता बाळगायलाही लायसन्स लागायचं. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला लायसन्समधून सूट मिळाली ती २००५ मध्ये. तोवर ड्रायव्हरच्या खिशात मोबाईल आलेला होता.

भारतात लायसन्सशिवाय काय चालतं?

बोलण्यासाठी सामान्य माणसाच्या कामाचे दोन पट्टे आहेत:

१. सीबी: २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, जास्तीत जास्त ५ वॉट.

२. छोटे वॉकी-टॉकी: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, जास्तीत जास्त अर्धा वॉट. ही सूट २०१८ च्या नियमांनी आली.

दोन्हीकडे एक अट सारखी आहे. सेटला केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाची टाइप अप्रूव्हल, म्हणजे ईटीए, असली पाहिजे. आणि ही जागा तुमच्या एकट्याची नाही. दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार चालत नाही, आणि आपला त्रास दुसऱ्याला होऊ द्यायचा नाही.

सीबीबद्दल एक बारीक गोष्ट. अमेरिकन पद्धतीच्या ४० चॅनेलच्या सेटमध्ये १ नंबर २६.९६५ वर आहे आणि २७ नंबर २७.२७५ वर. २८ नंबर येतो २७.२८५ वर, म्हणजे आपल्या सीमेच्या बाहेर. थोडक्यात, ४० पैकी पहिले २७ चॅनेलच आपल्या सवलतीत बसतात. परदेशातून कोणी नातेवाईक "तुझ्यासाठी गिफ्ट" म्हणून सेट आणत असेल तर आधीच थांबवा. ईटीए नसेल तर तो सेट चांगला असूनही आपल्या कामाचा नाही.

आता माझ्या कार्टमधल्या त्या ५ वॉटच्या सेटकडे येऊ. असे स्वस्त हँडसेट साधारण १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झवर कुठेही लावता येतात. या पट्ट्यांत पोलीस, रेल्वे, वनविभाग यांच्यासारख्यांची कामं चालू असतात. "मी ४४६ वरच ठेवीन" म्हटलं तरी अडचण जात नाही, कारण सेटची ताकद अर्ध्या वॉटच्या दहापट आहे आणि तो बाकी ठिकाणीही बोलू शकतो. असे सेट ऑनलाईन सर्रास विकले जात होते, म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या ऑनलाईन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, लायसन्स लागतं का, ईटीए आहे का, हे विक्रेत्याने स्पष्ट लिहायला हवं. लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. साधा नियम.

मग सीबी घ्यायचा की ४४६ चा?

इथे थोडं फिजिक्स, पण घाबरू नका. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब असते. चांगल्या अँटेनाची लांबी लहरीच्या पाव भाग तरी हवी, म्हणजे पावणेतीन मीटर. हातातल्या सेटला एवढी काठी कोण लावणार? म्हणून सीबीच्या अँटेनात तार गुंडाळून लांबी वाचवतात आणि त्यात ताकद वाया जाते. ४४६ मेगाहर्ट्झची लहर फक्त ६७ सेंटीमीटरची, तिचा पाव भाग साधारण १७ सेंटीमीटर, म्हणजे तळहाताएवढा. म्हणून खिशातल्या सेटला ४४६ सोयीचा.

सीबीची बाजू कुठे? लांब लहर झाडोरा आणि चढउतार जरा बरी झेलते, आणि ट्रॅक्टर किंवा जीपमध्ये १२ व्होल्टच्या बॅटरीवर कायमचा बसवायला तो सेट चांगला. पण त्यात आवाज एएम पद्धतीने जातो, त्यामुळे खरखर जास्त. मोटारीचा स्टार्टर, इंजिनाचा प्लग, सगळ्यांचा आवाज त्यात येतो. कधीकधी आकाशातल्या आयनांच्या थरावरून लहर परतून शेकडो किलोमीटरवरचं बोलणं कानावर पडतं. मजा वाटते, पण त्या वेळी शेजारच्या वावरातला माणूस मात्र दबून जातो. वर आपल्या बाजारात सीबीचे मंजूर सेट शोधायलाच वेळ लागतो.

आमचं वावर घरापासून अडीच किलोमीटरच्या आत, माणूस पायी फिरणारा. म्हणून आम्ही ४४६ ची जोडी घेतली. तुमची गरज ट्रॅक्टर ते ट्रॅक्टर असेल तर सीबीचा विचार करा.

खोक्यावरच्या "१० किलोमीटर"चं काय?

ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर. सपाट जमिनीवर दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटला पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिज साधारण ५ किलोमीटरवर पडतं. दोन माणसं असली तर कागदावर १० किलोमीटर. प्रत्यक्षात मधे पऱ्हाटी, तुरी, बाभळी, घरं असतात. मोकळ्या वावरात दोन-तीन किलोमीटर मिळाले तर खूश व्हा. गावातल्या घरांमधून त्याहून बरंच कमी.

ताकदीपेक्षा उंची जास्त कामाची. आमच्या घरात खाली, भिंतीआड, काकांचा आवाज तुटक यायचा. तोच सेट घेऊन स्लॅबवर गेलो तर एकदम साफ! एक रुपया खर्च न करता.

सेटअप: एकेक पायरी

१. दोन्ही सेट पूर्ण चार्ज करा. चार्जरची जागा घरात एकच ठरवा.

२. चॅनेल ठरवा. ४४६ च्या पट्ट्यात साधारण १६ चॅनेल बसतात. १ नंबर बरेच जण वापरतात, म्हणून मधला एखादा घ्या. आधी दहा मिनिटं नुसतं ऐका. कोणी बोलत असेल तर दुसरा घ्या.

३. "प्रायव्हसी कोड" नावाचं सेटिंग दिसेल. नावावर जाऊ नका, त्याने बोलणं गुप्त होत नाही. तुमच्या सेटला फक्त तोच कोड असलेला आवाज ऐकू येतो, इतकंच. बाकीचे तुम्हाला ऐकतातच. दोन्ही सेटवर कोड वेगळा राहिला तर एकमेकांचं काहीच ऐकू येत नाही. आमचा पहिला तास यातच गेला.

४. स्क्वेल्च, म्हणजे खरखर बंद ठेवणारी पातळी, मोठ्या सेटवर हाताने लावावी लागते. कोणी बोलत नसताना खरखर जेमतेम थांबेल तिथे ठेवा. जास्त वाढवली तर लांबचा हलका आवाजही कापला जातो.

५. आवाज ओळखून आपोआप बोलणं सुरू करणारं व्हॉक्स सेटिंग बंद ठेवा. मोटारीच्या आवाजानेही ते सुरू होतं.

६. बटणं लॉक करा. नाहीतर खिशात चॅनेल बदलतो आणि कळतही नाही.

७. गाडीत बसवायचा सीबी असेल तर सोबत आलेली, मंजूर अँटेनाच लावा, बॅटरीच्या वायरला फ्यूज घाला आणि अँटेना न जोडता बोलायचं बटण कधीच दाबू नका. ताकद परत सेटमध्ये येते आणि सेट जळू शकतो. अँटेना नीट जुळली का हे एसडब्ल्यूआर मीटरवर दिसतं: दीडच्या आत उत्तम, तीनच्या वर गेलं तर बोलणं थांबवा.

८. शेवटी वावराचा नकाशा करा. एकाने स्लॅबवर थांबायचं, दुसऱ्याने धुऱ्याधुऱ्याने फिरत बोलायचं. कुठे साफ, कुठे तुटक, कुठे काहीच नाही, हे फोनच्या मॅपवर पिन टाकून ठेवा. आमच्या विहिरीजवळ नेमकं काहीच येत नव्हतं. वीस पावलं वर, निंबाखाली, सगळं साफ. आता काकांना माहीत आहे, बोलायचं असेल तर निंबाखाली यायचं.

बोलायचं कसं?

बटण दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. लगेच बोललात तर पहिला शब्द कापला जातो आणि "येऊ नका" चं "नका" होतं. सेट तोंडापासून चार बोटं लांब, अँटेना उभी. ओरडू नका, आवाज फाटतो. वाक्य लहान ठेवा. बोलून झालं की "ओव्हर" म्हणा आणि बटण सोडा.

आधी समोरच्याचं नाव, मग आपलं:

"घर, घर, मी वावरातून. ओव्हर."

"बोला, आयकू येते. ओव्हर."

"पाणी चालू होऊन राहिलं. मी निंबाखाली आहो. ओव्हर."

सुरुवातीला काकांना "ओव्हर" म्हणायला लाज वाटायची. आता फोनवरही म्हणतात.

नाव, पैसे, "आज घरी कोणी नाही" असल्या गोष्टी रेडिओवर बोलू नका. कोण ऐकतंय ते तुम्हाला दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग सेटमध्ये नाही

आता ती चौथी गोष्ट. रेडिओत मिस्ड कॉल नाही, म्हणून वेळ ठरवावी लागते. आमच्या घरात भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. ९ वाजता, ११ वाजता, १ वाजता काकांनी बोलायचं. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी घरच्याने सेट घेऊन स्लॅबवर जायचं. आवाज आला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा हाक द्यायची. तेव्हाही आला नाही तर वाट पाहायची नाही, दोघांनी टॉर्च घेऊन निघायचं. "बॅटरी गेली असेल" असं म्हणून बसायचं नाही.

हा शेवटचा नियम चुलतभावाला फालतू वाटायचा. दोनदा तो उगाच गेलाही. एकदा काका वेळ विसरले होते, एकदा खरंच बॅटरी उतरली होती. काकांनी उलट त्यालाच झापलं, "कायले आला रे एवढ्या रात्री?"

तिसऱ्यांदा ११ ला आवाज आला नाही. ११ वाजून ५ मिनिटांनीही नाही. तो शेजाऱ्याला घेऊन निघाला. काका चारीत पाय घसरून पडले होते, घोटा सुजून टम्म, उठता येत नव्हतं. सेट हातातून उडून चिखलात पडला होता, चालू होता, पण चार हात लांब अंधारात. म्हणजे त्या रात्री रेडिओवर एक शब्दही बोलला गेला नाही. कामाला आला तो भिंतीवरचा कागद. थंडीत पहाटेपर्यंत पडून राहण्याऐवजी काका साडेअकराच्या सुमारास भावाच्या खांद्यावर होते. त्यानंतर सेटला दोरी बांधून गळ्यात अडकवायचा नियम कागदावर वाढला.

नेहमीचे प्रश्न

रेडिओवरून १०८ किंवा ११२ लागतं का?
नाही. म्हणूनच घरच्याच्या एका हातात सेट आणि दुसऱ्या हातात फोन हवा. वावरातून रेडिओवर घर, घरातून फोनवर अँब्युलन्स. घरचा माणूस हाच तुमचा टॉवर.

विजा चमकत असताना वापरू का?
मोकळ्या वावरात उभं राहून नाही. आधी पक्क्या इमारतीत जा, झाडाखाली थांबू नका, निंबाखालीही नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं "दामिनी" अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं, पण त्याला इंटरनेट लागतं. म्हणून अ‍ॅप घरच्याने पाहावं आणि इशारा रेडिओवर द्यावा.

फोनमध्ये वॉकी-टॉकी अ‍ॅप टाकलं तर?
त्यातली बहुतेक इंटरनेटवर चालतात. नेटवर्क नाही तर तेही नाही. ब्लूटूथ-वायफायवाली काही थेट चालतात, पण अंतर काही मीटरचं.

जास्त अंतर हवं असेल तर?
मग हॅम रेडिओ. वायरलेस विभागाची परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं, वयाची अट किमान १२ वर्षं. अभ्यास आहे, पण मग जास्त ताकद, उंच अँटेना, रिपीटर सगळं कायदेशीर. कॉलेजच्या मुलांनी जरूर बघावं. मात्र हॅमचे सेट हॅम लायसन्सवाल्याशीच बोलायला, काकांशी गप्पा मारायला नाहीत.

तर मित्रांनो, सेट घ्यायच्या आधी खोक्यावर फ्रिक्वेन्सी आणि ईटीए बघा. घेतल्यावर स्लॅबवरून वावराची चाचणी करा. आणि त्याच दिवशी, चार्जिंग होईपर्यंत, एक कागद घ्या आणि लिहा: कोण बोलणार, किती वाजता, आणि उत्तर आलं नाही तर कोण निघणार. तो कागद भिंतीवर लागला की तुमचा रेडिओ खरा सुरू झाला.